रोमन मातीचे दिवे: साचा, तेल आणि वात

निरांजन
रोमन लोक नवीन वर्षाला एकमेकांना मातीचे दिवे भेट देत. तळहातावर मावेल एवढा दिवा, वरच्या गोल चकतीवर पंख असलेली विजयदेवता, तिच्या हातात ढाल आणि ढालीवर 'नवे वर्ष शुभ आणि सुखाचे जावो' अशा अर्थाचा लॅटिन मजकूर. भोवती खजूर, अंजीर, नाणी उठावात काढलेली, कारण त्या दिवशी भेट म्हणून हेच वाटलं जाई. इसवी सनाच्या पहिल्या शतकातले असे बरेच दिवे आज युरोपातल्या संग्रहालयांत आहेत. या एका प्रकारापासून मला या विषयाची गोडी लागली. गेली काही वर्षं जे मिळेल ते वाचतोय, आणि मराठीत यावर सलग काही सापडत नाही, म्हणून हा धागा.

सुरुवात मातीच्याही आधीची आहे. फ्रान्समधल्या लास्को गुहेत १९६० साली लाल वालुकाश्मात कोरलेला, दांडी असलेला दिवा सापडला. तो सुमारे १७ हजार वर्षांपूर्वीचा. त्यात प्राण्याची चरबी जळायची. ज्यांनी तिथल्या भिंतींवर ते बैल आणि घोडे रंगवले त्यांना गुहेत उजेड याच प्रकारच्या दिव्यांचा आणि मशालींचा.

मातीचा दिवा भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर, म्हणजे आजच्या इस्रायल, पॅलेस्टाईन, लेबनॉन, सीरिया या पट्ट्यात पाच हजार वर्षांच्या आसपास मागे नेता येतो. एक काळ असा होता की बशीला चार कोपऱ्यांत चार चोची काढत. मग एकच चोच राहिली. चाकावर बशी करायची, माती ओली असताना काठ एका जागी चिमटायचा, झाला दिवा. आपल्या पणतीहून काडीचाही फरक नाही.

फरक पुढे ग्रीकांनी केला. इसवी सनापूर्वी सातव्या-सहाव्या शतकात त्यांनी काठ आत वळवायला सुरुवात केली आणि वातीच्या चोचीवर मातीचा पूल टाकला. उघडी बशी हळूहळू बंद भांडं होत गेली: वर तेल ओतायला एक भोक, पुढे वातीला एक तोंड. असा दिवा हातात घेऊन जिना चढलं तरी तेल सांडत नाही. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात साचे आले, आणि रोमन काळात तर दिव्यांचे कारखानेच उभे राहिले.

माझ्या वाचनातून एक गोष्ट मला पक्की वाटते. दिव्याच्या आकारातल्या प्रत्येक बदलामागे तेल आहे. ते सांडू नये, झिरपू नये, उगाच जळू नये. आपण संग्रहालयात चकतीवरचं चित्र बघतो आणि पुढे जातो, पण ज्याच्या घरात तो दिवा होता त्याचा जीव तेलात अडकलेला असणार. इथे कुंभारकाम जाणणारे, इतिहासवाले, परदेशात राहणारे बरेच जण आहेत. भर घालावी.

सोनचाफा
वाचतेय. फारच छान विषय. ते चार चोचींचे दिवे माहीत नव्हते.

चाकावरचा
निरांजनजी, आमचं घर पिढ्यानपिढ्या चाकावरचं, म्हणून झिरपण्याबद्दल लिहितो.

नवी पणती तेल पिते. म्हणूनच घरोघरी दिवाळीच्या आदल्या दिवशी पणत्या बादलीत भिजत घालतात. पाण्यात टाकल्यावर बारीक बुडबुडे येतात, ते थांबेपर्यंत ठेवायच्या. मातीतली भोकं पाण्याने भरली की तेल बाहेर येत नाही, फरशीवर डाग पडत नाही. पण हे एका संध्याकाळपुरतं. पाणी सुकलं की पुन्हा तेच. ज्याला तोच दिवा रोज लावायचा आहे त्याला दुसरा उपाय लागतो. अथेन्सच्या दिव्यांना आतूनसुद्धा काळी चकाकी दिलेली दिसते, ती त्यासाठीच असणार. शोभेसाठी असती तर बाहेरूनच दिली असती, बंद दिव्याच्या आत कोण बघतंय?

तुम्ही लिहिलेली चिमटलेली बशी आम्ही आजही तशीच करतो. मोठा गोळा चाकावर बसवायचा, त्याच्या माथ्यावर अंगठ्याने खळगा पाडून वाटी उचलायची, तर्जनीने काठ ओढून चोच काढायची आणि खालून दोरा फिरवून कापायची. सवयीच्या हाताला एका पणतीला काही सेकंद लागतात. गोळा संपेपर्यंत चाक थांबत नाही.

साच्याचं काम मात्र वेगळं. हल्ली नक्षीच्या पणत्या पीओपीच्या साच्यातून निघतात. रोमन लोक कसे करायचे ते सांगाल का?

निरांजन
चाकावरचा, फार मोलाची माहिती दिलीत. साच्याबद्दल सविस्तर लिहितो, मला सगळ्यात आवडणारा भाग तोच आहे.

आधी एक मूळ दिवा घडवत. तो भरीव, हाताने कोरलेला. त्यावरून वरच्या आणि खालच्या अर्ध्या भागाचे दोन साचे काढत, भाजलेल्या मातीचे किंवा थेट प्लॅस्टरचे. म्हणजे तुमचा पीओपी दोन हजार वर्षं जुना आहे! प्लॅस्टर ओल्या मातीतलं पाणी ओढून घेतं, त्यामुळे माती आकसून साच्यापासून आपोआप सुटते. प्लॅस्टरमध्ये हवेचे बुडबुडे राहिले तर त्यांचे बारीक मणी दिव्याच्या अंगावर उमटतात, आणि त्यावरून आज ओळखता येतं की साचा प्लॅस्टरचा होता.

दोन्ही साच्यांत मातीच्या पातळ पोळ्या दाबायच्या, कडांना पातळ चिखल लावून साचे एकमेकांवर बसवायचे. माती जरा घट्ट झाली की साचा उघडायचा, सांधा पुसायचा, तेलाचं आणि वातीचं भोक पाडायचं, बारीक मातीच्या पातळ रंगात बुडवायचं आणि भट्टीत. चाकावर बसायला कुशल हात लागतो. साच्यात माती दाबायला नवखा माणूसही चालतो, आणि चित्र फुकटात येतं.

याचा पुढचा भाग म्हणजे नक्कल. उत्तर इटलीत मोदेनाच्या बाजूला साध्या, बिनचित्राच्या दिव्यांचे कारखाने होते. तळावर ठळक उठावात कारखानदाराचं नाव असे. सगळ्यांत गाजलेलं नाव फोर्टिस. २००८ साली मोदेना शहरात खोदकाम करताना भट्टीवरच्या टाकाऊ मालाचा ढीगच सापडला, त्यात फोर्टिसच्या नावाचे दिवे होते आणि इतर कारखानदारांचेही. पण फोर्टिस नावाचे दिवे गॉलपासून (आजचा फ्रान्स) डॅन्यूब नदीच्या काठापर्यंत सगळीकडे मिळतात. ते सगळे मोदेनाहून गेले नाहीत. कोणीही बाजारातून एक फोर्टिस आणायचा, त्यावरूनच साचा काढायचा आणि आपला माल सुरू करायचा. नाव तळावर असतंच, तेही साच्यात येतं.

पण माती सुकताना आणि भाजताना आकसते. दिव्यावरून काढलेल्या साच्यातला दिवा मूळ दिव्यापेक्षा लहान होतो, ढोबळमानाने दहाव्या हिश्श्याने. त्याच्यावरून पुन्हा साचा काढला की आणखी लहान. अक्षरं बुजत जातात, कडा गोलावतात. मोजपट्टी लावून पुरातत्त्वज्ञ सांगू शकतात की हा दिवा मूळ मालाचा नातू आहे की पणतू.

चाकावरचा
अगदी बरोबर. आकसण्याचा हिशेब आमच्याकडे पहिल्यापासून धरावा लागतो. मातीत वाळू किती, राख किती, यावर तो बदलतो. अक्षरं बुजलेली असली तर साचा घासला गेला असंही असू शकतं, पण मापच कमी भरलं तर ती नक्कल, यात शंका नाही.

भौतिक_मास्तर
वातीकडे कोणी वळलं नाही म्हणून लिहितो.

खाद्यतेल काडी लावून पेटत नाही. वाटीभर तेलात पेटलेली काडी बुडवली तर विझते. जळते ती तेलाची वाफ, आणि तेलाची पेटेल इतकी वाफ व्हायला तापमान दोनशे अंशांच्या बरंच वर जावं लागतं. वात एवढंच करते की केशाकर्षणाने तेल थोडं थोडं टोकाशी आणते. तेवढ्या थेंबाला तापवणं ज्योतीला जमतं. म्हणून तेलाचा दिवा आडवा झाला तरी सहसा भडका उडत नाही. रॉकेलची गोष्ट वेगळी, ते फार कमी तापमानाला वाफ देतं. पणतीत रॉकेल घालायचा उद्योग कृपा करून कोणी करू नये.

आता तेलाच्या खर्चाचं. वात जाड असली की एका वेळी जास्त तेल वर येतं, ज्योत मोठी होते आणि ते सगळं जळत नाही, धूर होतो. हे ग्रीकांना पुरतं ठाऊक होतं. अ‍ॅरिस्टोफेनीसच्या एका नाटकात कर्जात बुडालेला म्हातारा रात्री हिशेबाच्या वह्या वाचत बसलेला असतो, दिव्यातलं तेल संपतं आणि तो नोकरावर डाफरतो की तू इतकी जाड वात का घातलीस. इसवी सनापूर्वी ४२३ सालचं नाटक आहे. प्रेक्षकांतल्या प्रत्येकाच्या घरी हे भांडण झालेलं असणार.

आणि वातीच्या टोकावर जो काळा फुगीर गोळा धरतो, त्यावरून पावसाचा अंदाज बांधायचे. रोमन कवी व्हर्जिलने शेतीवरच्या काव्यात लिहिलंय की रात्री लोकर विंचरत बसलेल्या मुलींना वादळ येणार हे कळतं, कारण दिव्यात तेल तडतडतं आणि वातीवर अळंबीसारखी काजळी वाढते. हवेतल्या दमटपणामुळे वात सादळते हे कारण मला पटण्यासारखं वाटतं. आमच्याकडे कोकणात पावसाळ्यात समईची वात तडतडतेच.

उजेड किती? एका वातीचा दिवा म्हणजे साधारण एक मेणबत्ती. एवढ्याशा उजेडात वाचायला दिवा पानाच्या अगदी जवळ धरावा लागतो. अथेन्सचा वक्ता डेमॉस्थेनीस याच्या भाषणांना दिव्याच्या वातीचा वास येतो, असं त्याचे विरोधक हिणवायचे. म्हणजे हा गडी रात्री जागून घोकून येतो.

सोनचाफा
मास्तर, तुमचा प्रतिसाद फार आवडला. कर्जबाजारी म्हाताऱ्याचं भांडण तर अगदी आपल्यातलं वाटलं.

नवगावची_नात
मी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंपैकी, आजोळ अलिबागजवळचं, हल्ली मुक्काम इस्रायलमधलं अश्दोद. इथल्या संग्रहालयांत दिवे इतके आहेत की कपाटंच्या कपाटं भरलीत. दोन-तीन गोष्टी सांगते.

पहिली. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इथे एक अगदी साधा दिवा चालायचा. चाकावरचं गोल अंग, आणि चोच वेगळी करून चिकटवलेली, सुरीने तासलेली. चित्र नाही, काही नाही. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या दिव्यांच्या मातीतली मूलद्रव्यं अणुभट्टीतल्या किरणांनी मोजली. उत्तरेकडच्या गालील आणि गोलान भागांतल्या ज्यू गावांत, म्हणजे सेफोरिस, गमला अशा ठिकाणी, सापडलेले बरेचसे दिवे जेरुसलेमच्या मातीचे निघाले. तिथे गावातच कुंभार होते, माती होती, चांगले दिवे होत होते. तरी लोक डोंगर ओलांडून जेरुसलेमचा दिवा आणत. शेजारच्या परधर्मी शहरांत मात्र स्थानिक दिवेच जास्त. आमचं मंदिर तेव्हा ज्या शहरात होतं तिथल्या मातीचा दिवा घरी जळावा ही ओढ मला समजते. पंढरपूरहून बुक्का आणतातच ना लोक.

दुसरी. आमच्या धर्मशास्त्रात, मिश्नामध्ये, शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीदिवसाच्या, दिव्यावर अख्खा एक अध्याय आहे. कोणती वात चालेल, कोणतं तेल चालेल. तिळाचं तेल, अक्रोडाचं, मुळ्याच्या बियांचं, माशांचं, दुधीच्या बियांचं, डांबर, नाफ्था, अशी यादीच दिली आहे. रब्बी तार्फोन म्हणतात फक्त ऑलिव्हचं तेल. यादी वाचली की कळतं की कोणाच्या घरी काय जळत होतं. ज्याच्याकडे ऑलिव्ह नाही त्याने काय करायचं हा खरा प्रश्न होता. त्याच अध्यायात असंही आहे की अंड्याच्या टरफलाला बारीक भोक पाडून, त्यात तेल भरून ते दिव्याच्या तोंडावर ठेवायचं नाही. म्हणजे लोक ते करत होते! थेंब थेंब तेल आपोआप पडत राहावं, रात्रभर दिवा चालावा म्हणून. मनाई अशासाठी की शब्बाथला कोणी त्यातलं तेल काढून घेतलं तर ज्योत वेळेआधी विझवल्यासारखं होईल, आणि ते त्या दिवशी वर्ज्य.

तिसरी घरची. आमच्या लोकांचा कोकणातला पिढीजात धंदा तेलाचा घाणा. शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव आम्हांला शनिवार तेली म्हणायचं. आजी शुक्रवारी संध्याकाळी काचेच्या पेल्यात खाली पाणी आणि वर खोबरेल घालून वात लावायची. तेल संपलं की ज्योत पाण्याला टेकून आपोआप शांत व्हायची, काच तडकायची नाही.

भौतिक_मास्तर
अंड्याच्या टरफलाचा दिवा म्हणजे सलाईनच की! ताई, हे मी वर्गात सांगणार.

निरांजन
नवगावची नात, तुमच्या आजींच्या पेल्यावरून ग्रीक इतिहासकार हेरोडोटसची आठवण झाली. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात तो इजिप्तला गेला होता. साईस नावाच्या गावात देवीचा दिव्यांचा सण असे. एका ठरावीक रात्री सगळे लोक घराभोवती उघड्यावर दिवे लावत. दिवा म्हणजे पसरट भांडं, त्यात मीठ आणि तेल, आणि वर तरंगणारी वात. रात्रभर जळे. ज्यांना साईसला जाणं जमत नसे ते आपापल्या गावी लावत, त्यामुळे त्या रात्री साऱ्या इजिप्तभर दिवे लागत. त्याच हेरोडोटसने असंही लिहिलंय की पाणथळ भागातले इजिप्शियन लोक एरंडीचं तेल काढतात, ते दिव्याला ऑलिव्हइतकंच चांगलं, पण वास उग्र.

प्रश्नचिन्ह
इजिप्तचा विषय निघालाच आहे तर विचारतो. थडग्यांच्या आत इतकी सुंदर चित्रं आहेत, पण छताला काजळी नाही. देंडेराच्या मंदिरात भिंतीवर मोठ्या बल्बसारखी आकृती कोरली आहे, आत तारेसारखं काहीतरी. मग त्यांच्याकडे वीज होती असं जे म्हणतात त्यात तथ्य असू शकत नाही का? मी मनापासून विचारतोय.

उत्खनक
मनापासून विचारलंत म्हणून नीट उत्तर देतो.

देंडेराच्या हाथोर मंदिराच्या तळघरातली ती आकृती इजिप्तवर राज्य करणाऱ्या टॉलेमी घराण्याच्या अखेरच्या काळातली आहे. कमळातून साप बाहेर येतो आणि त्याभोवती लांबट कोश आहे. शेजारीच चित्रलिपीत मजकूर आहे आणि तो वाचता येतो. साप म्हणजे हरसोम्तुस हा देव, कमळातून जन्मणारा. मजकूर वाचला नाही आणि नुसतं चित्र बघितलं तरच बल्ब दिसतो.

काजळीचं उत्तर त्याहून चांगलं आहे, कारण त्याची हिशेबाची कागदपत्रं शिल्लक आहेत. राजांच्या दरीतली थडगी खोदणारे आणि रंगवणारे कारागीर देर अल-मदिना या गावात राहत. तिथे चुनखडीच्या चपट्या तुकड्यांवर लिहिलेल्या हजारो नोंदी मिळाल्या. त्यांत वातींचा हिशेब आहे: अमुक दिवशी कोठारातून इतक्या वाती काढल्या, उजव्या बाजूच्या टोळीला इतक्या, डाव्या बाजूच्या टोळीला इतक्या. वाती जुन्या तागाच्या कापडाच्या, चरबीत किंवा तेलात भिजवलेल्या. चेक अभ्यासक यारोस्लाव चेर्नी यांनी या नोंदी वाचल्या. वाती दिवसातून दोनदा दिल्या जात, त्यावरून त्यांनी काढलं की मध्ये सुट्टी घेऊन कामाचे दोन भाग असत. वातीचा हिशेब इतका काटेकोर का? कारण चरबी आणि तेल खाता येतं. घरी नेलं तर कोणाला कळणार?

बारीक वात, स्वच्छ तेल आणि थोडं मीठ यांनी धूर बराच कमी करता येतो. वीज असती तर वातीचे हिशेब कशाला ठेवले असते?

तुतनखामुनच्या थडग्यात एक दिवा मिळाला तो जरूर बघा. अर्धपारदर्शक कॅल्साइट दगडाचा प्याला, एकात एक बसवलेल्या दोन भिंतींचा. नुसता बघितला तर कोरा. आत दिवा लावला की भिंतीतून राजा-राणीचं रंगीत चित्र उमटतं. चित्र दोन भिंतींच्या मध्ये आहे.

प्रश्नचिन्ह
धन्यवाद. वातींच्या नोंदी खरंच निरुत्तर करणाऱ्या आहेत. त्या प्याल्याचे फोटो बघितले, विलक्षण आहे.

माजघर
तेल किती महाग होतं याचा काही अंदाज आहे का? सामान्य माणसाला रोज दिवा परवडायचा का?

निरांजन
आहे, आणि सरकारी आकडे आहेत. सम्राट डायोक्लेशनने इसवी सन ३०१ मध्ये सगळ्या मालाच्या कमाल किमती ठरवणारा हुकूम काढला. त्यात तेलाचे दर आहेत. माप सेक्स्टारियस, म्हणजे अर्ध्या लिटरहून थोडं जास्त. उत्तम ऑलिव्ह तेल ४० दिनार, दुसऱ्या प्रतीचं २४, साधं १२, आणि मुळ्याच्या बियांचं ८. त्याच हुकुमात शेतमजुराची रोजची मजुरी २५ दिनार आणि वर जेवण. म्हणजे साधं अर्धा लिटर तेल आणायला जवळपास अर्ध्या दिवसाची मजुरी. बारीक वातीच्या पणतीला तासाला दीड-दोन चहाचे चमचे तेल लागतं, हे मी घरी मोजलंय. त्या हिशेबाने अर्धा लिटर पन्नास-साठ तास पुरेल. रोज संध्याकाळी दोन तास एकच दिवा लावला तर महिन्याभराचं तेल. परवडत असणार, पण एकच दिवा. घरभर दिवे लावणं ही श्रीमंती. आणि हे तेच तेल होतं जे भाजीत, पावावर लागे. जेवणातलं तेल आणि उजेडातलं तेल एकाच बुधल्यातून निघत होतं.

नवगावची नात, मुळ्याचं तेल बघितलंत ना? तुमच्या मिश्नाच्या यादीतलं तेल इथे सगळ्यात स्वस्त दरात आहे.

रोम शहरात तेल किती येत होतं ते बघायचं तर तिथली मोंते तेस्ताच्चो ही टेकडी बघावी. ती टेकडी फुटक्या रांजणांची आहे! स्पेनमधल्या बेटिका प्रांतातून ऑलिव्ह तेल मोठ्या गोल पोटाच्या रांजणांतून यायचं, एकात सुमारे ७० लिटर. तेल मुरल्यावर खवट वास येतो, रांजण पुन्हा वापरता येत नाही, म्हणून फोडून रचून ठेवायचे. रचून रचून ३५ मीटर उंच ढीग झाला. कित्येक खापरांवर शाईने वजन, व्यापाऱ्याचं नाव, तपासनिसाची नोंद अजून वाचता येते. १८७०च्या दशकात हाइनरिश ड्रेसेल यांनी त्या वाचायला सुरुवात केली.

उत्खनक
आणि जिथे ऑलिव्ह पिकत नाही तिथे काय होतं तेही बोलकं आहे. ऱ्हाइनच्या काठावर, ब्रिटनमध्ये रोमन फौज गेली तेव्हा तेल आणि दिवे बरोबर गेले. स्वित्झर्लंडमधल्या विंडोनिसा या लष्करी तळावर इतके दिवे सापडले की सिगफ्रीड लोश्के यांनी १९१९ साली त्यांवरून केलेलं वर्गीकरण आजही जगभर वापरतात. पण पुढे त्या मुलखात दिवे कमी होत गेले. चरबी आणि मेण जवळ होतं, तेल लांबून यायचं. दिवा तेलाच्या मागे मागे जातो.

सोनचाफा
रस्त्यावर दिवे होते का? की अंधार पडला की दारं बंद?

उत्खनक
बहुतेक शहरांत अंधारच. बाहेर पडायचं तर नोकर कंदील किंवा मशाल धरून पुढे. अपवाद सीरियातल्या अँटिओकचा. चौथ्या शतकात तिथे रात्री रस्त्यांवर इतके दिवे असत की इतिहासकार अम्मियानुस म्हणतो, रात्रीचा उजेड दिवसाची बरोबरी करायचा. हे तो सांगतो तेही तिथला उपसम्राट (सीझर) गाल्लुस वेषांतर करून रात्री दारूच्या गुत्त्यांवर लोकांचं मत काढत फिरायचा, त्या संदर्भात. एफेससला बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर तर दिव्यांची संख्या दगडावर कोरलेली मिळाली आहे, ५०.

निरांजन
अथेन्सच्या सोन्याच्या दिव्याचा उल्लेख करायलाच हवा. एरेक्थेइऑन मंदिरात अथेना देवीपुढे कॅलिमाकस या शिल्पकाराने केलेला दिवा होता. ग्रीक प्रवासी लेखक पॉसेनिआस सांगतो की तो वर्षातून एकदा, ठरावीक दिवशी तेलाने भरत, आणि मग वर्षभर दिवसरात्र जळे. वात सायप्रसच्या कार्पासिया भागातल्या न जळणाऱ्या तंतूची, म्हणजे अ‍ॅस्बेस्टॉसची. वर छतापर्यंत पोचणारा काशाचा ताड होता, धूर त्यातून बाहेर जाई. धुराडं आणि देवीची शोभा दोन्ही साधलं. इसवी सनापूर्वी ८७-८६ मध्ये रोमन सेनापती सुल्लाने अथेन्सला वेढा घातला, शहरात उपासमार झाली आणि तेलाअभावी हा दिवा विझला. प्लुटार्कने याचा दोष शहर ताब्यात ठेवून बसलेल्या अरिस्तिऑनवर ठेवला आहे. नंदादीप म्हणजे काय हे ज्याच्या घरी देव्हारा आहे त्याला सांगायला नको. माणसं उपाशी असताना ते तेल देवीला घालायला हवं होतं की नको, यावर मला अजून नीट उत्तर सुचलेलं नाही.

माजघर
माझ्या मते नको होतं. पण विझलेला बघून लोकांचा धीर सुटला असणार हेही खरं.

चाकावरचा
एक प्रश्न मला सतावतो. ग्रीक-रोमनांनी दिवा बंद केला, साच्यात घातला. आपण पणती उघडीच ठेवली, आजपर्यंत. आपल्या कुंभारांना बंद भांडं करता येत नव्हतं असं तर नाहीच.

उत्खनक
मला वाटतं आपल्याकडे दोन कामं दोन वस्तूंनी वाटून घेतली. रोज लागणारा, हलवायचा, टिकवायचा दिवा ज्यांना परवडे त्यांनी धातूचा केला, पितळी समई, लामणदिवा, तळहातावरचं निरांजन. मातीची पणती एका वेळेपुरती, दुसऱ्या दिवशी टाकून दिली तरी चालेल अशी. सणाला शंभर लागतात, तिथे स्वस्त आणि झटपट हेच महत्त्वाचं. रोमन मातीचा दिवा मात्र गरिबाघरी महिनोन्‌महिने चालवायचा होता. हे माझं मत, पुरावा म्हणून नाही सांगत.

तेलाच्या बाबतीत आपण मागे नव्हतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या समुद्रप्रवासाच्या वाटाड्यात भडोच आणि अरिआके प्रदेशातून आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जाणाऱ्या मालाची यादी आहे: गहू, तांदूळ, तूप, तिळाचं तेल, सुती कापड. अरिआके म्हणजे आपला पश्चिम किनाऱ्याचा उत्तरेकडचा पट्टा. त्याच ग्रंथात पुढे कल्याण आणि चौल बंदरंही येतात.

नवगावची_नात
तिळाचं तेल आणि चौल! आमच्या घाण्यांचा मुलूख तो. हे वडिलांना वाचून दाखवते आत्ताच.

जेरुसलेमच्या नैऋत्येला बेत नातीफला १९३०च्या दशकात जुन्या टाक्यांत कुंभाराचा माल सापडला होता, दिवे आणि साचे दोन्ही. तिथल्या प्रकारच्या दिव्यांवर कधी सात फाट्यांची मेनोरा (ज्यूंचा दीपवृक्ष), कधी नुसती द्राक्षवेल. रोमन आणि बायझंटाईन काळात एकाच भागातले कुंभार ज्यू, ख्रिस्ती, इतर सगळ्यांना दिवे विकत होते. गिऱ्हाईक बदललं की वरचं चित्र बदलायचं, खालचा साचा तोच.

चाकावरचा
गणपतीच्या साच्याबरोबर नाताळच्या ताऱ्याचा साचा आमच्याही कपाटात असतो. धंदा असाच चालतो.

माजघर
एका संकेतस्थळावर 'अस्सल रोमन दिवा' दोन-तीन हजार रुपयांत मिळतोय. घ्यावा का? दिवाळीला लावायला छान वाटेल.

निरांजन
घेऊ नका. त्या किमतीचे दिवे बहुधा आत्ता केलेले असतात. जुन्या दिव्यावरून साचा काढणं किती सोपं आहे ते वर आलंच. आणि खरा असला तर जास्त वाईट. तो कुठल्या तरी थडग्यातून किंवा घरातून चोरून उकरलेला असण्याची शक्यता मोठी, आणि दिवा कुठल्या थरात, कशाजवळ होता ही माहिती कायमची जाते. रोममध्ये १९९९ साली अ‍ॅना पेरेन्ना देवीच्या झऱ्यात दिवे सापडले, त्यांतल्या काहींच्या आत शिशाच्या पत्र्यावर लिहिलेले शाप गुंडाळून घातलेले होते. चोराच्या हाती लागले असते तर पत्रे फेकून दिले असते आणि दिवे विकले असते. एपिक्टेटस या तत्त्वज्ञाचा मातीचा दिवा त्याच्या मृत्यूनंतर कोणीतरी ३००० द्राख्मांना घेतला, असं लुशियनने लिहून ठेवलंय. त्या पैशात ज्ञान काही मिळालं नाही.

लावायचाच असेल तर चाकावरचा यांच्यासारख्या कुंभाराकडून बंद तोंडाचा दिवा करून घ्या.

चाकावरचा
जरूर करून देईन. माप सांगा आणि वरच्या भोकात करंगळी जाईल एवढं तोंड ठेवू, म्हणजे आतून पुसता येतो. आतून पातळ मातीचा हात देतो, तरी पहिल्या दिवशी तासभर भिजवूनच लावा. खाली बशी असू द्या.

भौतिक_मास्तर
वात सुती चालेल, जुन्या धोतराची उत्तम. चोचीबाहेर गव्हाच्या दाण्याएवढीच ठेवा. तेल वातीच्या पातळीच्या फार खाली जाऊ देऊ नका, बंद दिव्यात ते दिसत नाही, म्हणून अर्ध्या तासाने एकदा काडी घालून बघायचं.

माजघर
ठरलं. चाकावरचा, तुम्हांला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते. दोन करा, एक बहिणीला.